मेथी निवडणारे हात

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि चित्रांचे फोटो मिळाले. ‘आर्ट स्कूलला जाता आलं नाही, आणि आमच्याकडे काढण्यासारखं आहे तरी काय?’ असं तू दोनदा लिहिलंयस. म्हणून तुला नॉर्मन कॉर्निश या चित्रकाराबद्दल सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात स्पेनीमूर नावाचं, एके काळी कोळसा खाणींचं असलेलं गाव आहे. हा तिथला. १९३३च्या नाताळात, चौदाव्या वर्षी खाणीत उतरला. त्या खाणीत अपघात इतके होत, की लोक तिला ‘खाटकाचं दुकान’ म्हणायचे. पाठ निकामी झाली तेव्हा, १९६६ साली, ते काम सुटलं. पंधराव्या वर्षापासून तो गावातल्या ‘सेटलमेंट’ या समाजकेंद्रातल्या स्केचिंग क्लबला जायचा. शिक्षण म्हणशील तर तेवढंच. तिथले प्रमुख बिल फॅरेल सांगायचे, जे तुम्हाला माहीत आहे तेच रंगवा.

ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची पबमधली चित्रं शोधून नीट बघ. माणसं बरेचदा पाठमोरी. जाड कोट, सपाट टोपी, कोपर टेकलेलं, सगळा भार एका पायावर. चेहरा दिसत नाही, तरी माणूस दमून आलाय हे कळतं, कारण काढणाऱ्याचीही पाठ दिवसभर वाकलेली असायची. खाणीकडे जाणारा रस्ता तर त्यानं किती वेळा काढला! ओला रस्ता, तारांच्या खांबांची रांग, मान खाली घालून चाललेला एकटा खाणकामगार. तोच रस्ता तो रोज पायी तुडवत होता. घरी असला की बायकोला, सेराला, विणताना काढायचा. २०१४ साली तो गेला, तेव्हा मागे अडीचशेच्या वर स्केचबुकं निघाली. माझ्या मते त्याची खरी शाळा तीच.

आणि एक सांगतो. त्याच्या चित्रांत कष्टांची कीव नाही. खाणकामगारांच्या मेळाव्याचं भलंमोठं भित्तिचित्र त्यानं १९६३ साली डरहॅमच्या काउंटी हॉलसाठी केलं. त्यात बावटे आहेत, बँड आहे, माणसांची दाटी आहे. आपल्याच माणसांना तो आपल्याच नजरेनं बघत होता. ही नजर तुझ्याकडे आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

आता तुझ्या चित्रांकडे येतो. बर्फाच्या डोंगरांची चारही चित्रं सुबक आहेत, पण तो डोंगर तू पाहिलेला नाहीस आणि ते दिसतं. शेवटचं चित्र मात्र, ‘सहज काढलंय’ म्हणून तू जवळजवळ माफी मागितलीस ते, मी कितीतरी वेळ बघत बसलो. आई मेथी निवडतेय. मान किंचित डावीकडे, मांडीवर वर्तमानपत्र. बोटं मात्र तू घाईनं उरकलीस. देठ खुडताना अंगठ्याचं नख कुठे दाबलं जातं, तर्जनी कशी वळते, ते तू रोज पाहतेस. पण काढताना बघितलं नाहीस.

स्वस्तातली वही घे, खिशात मावेल अशी. खोडरबर घरीच राहू दे. पुढच्या पत्रात डोंगर नकोत, आईचे हात पाठव. वीसेक वेळा काढ आणि सगळी पानं पाठव, बिघडलेलीसुद्धा.