‘मी तिला अर्ध्यावर सोडून आले’

आफ्रिकेत, नेपाळमध्ये दोन आठवड्यांच्या वैद्यकीय शिबिराला जाऊन आलेले तरुण डॉक्टर आणि नर्स माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच सल असतो. आपण गेलो, गोळ्या दिल्या, फोटो काढले आणि परत आलो. त्या माणसांचं पुढे काय झालं असेल? घरचे कौतुक करतात, तेव्हा तो जास्तच खुपतो.

सायली असंच काहीसं घेऊन आली. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) नाशिकची, नुकती एमबीबीएस झालेली. भारतीय डॉक्टरांच्या एका गटाबरोबर ती युगांडातल्या खेड्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करून आली होती. आल्यापासून झोप उडाली होती. ओपीडीत बसलं की तिथली एक आजी आठवायची. वरचा रक्तदाब १९०, हातात टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या महिनाभराच्या गोळ्या.

“महिना केव्हाच संपला, मॅडम. मी तिला अर्ध्यावर सोडलं.”

मी तिची समजूत घातली नाही. ‘तू खूप केलंस’ म्हटल्याने अपराधी भावना जात नाही, ती नुसती गप्प बसते. मी तिच्या बोलण्यातला सक्तीचा ‘च’ शोधत होते. तो काही भेटींनंतर सापडला: ‘मी तिला बरं करायलाच हवं होतं.’ ज्या आजाराला बहुधा जन्मभर औषध लागतं, तिथे दोन आठवड्यांच्या पाहुणीने स्वतःवर घातलेली ही सक्ती!

मग मी विचारलं, “तू जायच्या आधी त्या गावात पेशंट कोण बघायचं?”

“क्लिनिकल ऑफिसर आहेत, डॉक्टर नसले तरी पेशंट तेच तपासतात. एक नर्स आहे. आणि गावागावांत व्हीएचटी, म्हणजे आपल्या आशाताईंसारखे आरोग्य स्वयंसेवक.”

“तू निघालीस, त्यानंतरच्या सोमवारी ओपीडी कोणी चालवली?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांनीच. मॅडम, मी त्या नर्सला आजीबद्दल काही सांगितलंच नाही. मला ती माझी पेशंट वाटत होती.”

गाठ तिथे सुटली. अशा अपराधीपणाच्या तळाशी अनेकदा ‘माझ्याशिवाय यांना कोणी नाही’ हा समज असतो. तो मायेतूनच येतो, पण त्यापायी वर्षभर तिथे राबणारी माणसं दिसेनाशी होतात. ती दिसली की ओझं वाटून घेता येतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझा विश्वास आहे तो यासाठी. ‘करायलाच हवं’ ही सक्ती जाऊन ‘करता आलं तर बरं’ अशी साधी इच्छा उरली की माणूस रडत बसत नाही, कामाला लागतो.

सायलीने त्याच आठवड्यात क्लिनिकल ऑफिसरना मेसेज केला. आजी व्हीएचटीला सापडली, केंद्रात मिळणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधावर तिचे उपचार सुरू झाले. सोबत एक विनंती आली: पुढच्या वेळी आमच्या यादीतली औषधं आणा. लोक तुमच्या रिकाम्या स्ट्रिप घेऊन येतात आणि ती औषधं आमच्याकडे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाबद्दल १९९६ मध्येच हे सांगून ठेवलं आहे: दान तिथल्या गरजेनुसार, तिथल्या अत्यावश्यक यादीतलं असावं आणि पोचताना औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी.

‘आपल्याकडे मेळघाट काय कमी आहे?’ हा टोमणा सायलीलाही घरी ऐकावा लागला. त्याचंही दडपण घेऊ नका. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांचे मृत्यू कमी केले, ते गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. खेडं युगांडातलं असो की गडचिरोलीतलं, पुढचं सगळं तिथे राहणाऱ्या माणसावर अवलंबून असतं.

म्हणून जाण्याआधी त्या माणसाशी बोला. आपल्यामागे कोणता पेशंट कोण बघणार, हे नावानिशी ठरवा. निघताना नोंदी त्यांच्या वहीत, त्यांना समजतील अशा लिहून द्या. तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते का, ते गटप्रमुखांना स्पष्ट विचारा. विद्यार्थी असाल तर जे इथे करायची परवानगी नाही, ते तिथे कोणी हातात दिलं तरी नाही म्हणा. अशा ‘संधी’चा पश्चात्ताप फार काळ छळतो. आणि परतल्यावर झोप लागत नसेल, तर महिनोन्‌महिने एकट्याने सोसू नका, बोलायला या.