शंभर वर्षं जुन्या दगडी नाट्यगृहाचे पत्रे काढून स्लॅब टाकावा का?

तुमच्या नाट्यगृहाच्या भिंती दोन फूट जाड दगडी, वर लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि पत्रे; कंत्राटदार म्हणतो, कैच्या उतरवून स्लॅब टाकू, भिंती सहज पेलतील. जुन्या दगडी इमारतींच्या मजबुतीकरणाचं काम मी करतो, आणि माझं उत्तर ‘टाकू नका’ असंच आहे.

दोन फुटी भिंत म्हणजे दोन फूट दगड नव्हे. बहुधा आतबाहेर दगडाचे दोन पदर असतात आणि मधे चुना-गोट्यांची भर. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की भर खाली बसते, पदर सुटतात, भिंतीला पोट येतं. सहा इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलो. प्रेक्षागृहात मधे खांब चालत नाही, म्हणजे खोल तुळया आल्या, त्यांचं वजन आणखी वेगळं. पत्र्याचं छप्पर कैच्या धरूनही याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं.

नुसतं उभं वजन कदाचित भिंत सोसेलही. मला भीती भूकंपाची वाटते. वजन जितकं जास्त आणि जितकं उंचावर, तितका आडवा धक्का मोठा. आणि नाट्यगृहाच्या लांब, उंच भिंतींना मधे आडवा आधारच नसतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडचाच आहे.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवा. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळाली. दगडी भिंती मागे उरलेल्या पाहून ‘भिंती शाबूत आहेत’ असं सगळेच म्हणतात. पण आगीनंतर मी आधी ओळंबा लावतो, म्हणजे वजन बांधलेली दोरी सोडून भिंत कललीय का ते बघतो. १५ मीटरची लोखंडी कैची ५०० अंशांनी तापली तर ९ सेंटीमीटर वाढू पाहते आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलते. शिवाय छत गेलं की भिंतींना वरून बांधून धरणारं काही राहत नाही, म्हणून मलबा उपसण्याआधी धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू, द्यावे लागतात.

तुमच्याकडे आग लागलेली नाही, तरी ओळंबा लावाच, दर तीन मीटरवर. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा आणि निदान एक पावसाळा थांबा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुन्यानेच भरा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि दगडाची कड फोडतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की सिमेंटची गोणी दिसली तरी पोटात गोळा येतो.

छप्पर हलकंच ठेवा. भिंतींच्या माथ्यावर चहूबाजूंनी पट्टा फिरवून कैच्या त्याला बोल्टने जखडा. जुनं लोखंड रासायनिक तपासणीशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. त्यात गंधक-फॉस्फरस जास्त निघालं तर सांधा बाहेरून सुबक दिसतो आणि आतून तडकलेला असतो.