पूल खेळायला नवीन आहेस ना, मग ब्रेकला, म्हणजे बॉल फोडायच्या पहिल्या शॉटला, एवढी ताकद लावू नको
एट बॉल या पूलच्या खेळात ब्रेकला रॅकच्या, म्हणजे रचलेल्या बॉलच्या त्रिकोणाच्या, सगळ्यात पुढच्या बॉलवर फुल हिट बसला पाहिजे आणि क्यू बॉल (आपण मारतो तो पांढरा) टेबलाच्या मधोमध थांबला पाहिजे, जोर नंतर वाढव. माझा क्यू बॉल तर सुरुवातीला सारखा पॉकेटात जायचा, समोरचा हसत बॉल उचलायचा.

रॅक फुटला की लगेच सॉलिड (एकरंगी बॉल) का स्ट्राइप (पट्ट्याचे बॉल) घ्यायचे ते ठरवू नको, टेबलाभोवती एक चक्कर मार. जास्त बॉल गेलेला ग्रुप नेहमी सोपा नसतो, चिकटलेले बॉल कुणाचे ते बघ आणि तो गुंता तुझे दोन-तीन सोपे बॉल शिल्लक असतानाच फोड, शेवटाला ठेवलास तर मेलास. शेवटचा आठ नंबरचा काळा बॉल कुठे घालायचा ते ठरवून तिथून उलटं मोजत ये. सरळ शॉटला क्यू बॉल मध्याच्या जरा खाली मार, जागेवर थांबतो. साइड स्पिन (क्यू बॉल डाव्या-उजव्या बाजूला मारून फिरवणं) सध्या विसर.