सायकल घेणार आहेस म्हणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला. पण मोबाइलवर एवढं लिहायला माझा अंगठा चालत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. भाचा फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

तू विचारलंस, "बाई, बाबा त्यांची जुनी चारचाकी गाडी देतो म्हणतायत. कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या खोलीवरून विद्यापीठात गाडीनं जाऊ, का सायकल घेऊ?" अगं, गाडीच हवी असती तर तू मला विचारायला आलीच नसतीस. किल्ली घेऊन मोकळी झाली असतीस.

घे सायकल. पण पर्यावरण वाचवायला किंवा स्टेटस टाकायला घेणार असलीस तर थांब. अशा कारणांनी घेतलेली सायकल गणपतीपर्यंत चालते आणि मग जिन्याखाली जाते. आमच्याच जिन्याखाली तसल्या दोन उभ्या आहेत, मुलाची एक आणि सुनेची एक. सायकल घ्यायची ती कोल्हापूरला सायकल पुरते म्हणून. महापालिका झाली १९७२ साली, आणि हद्द सगळी मिळून ६६.८२ चौरस किलोमीटर. (हद्दवाढीचं गुऱ्हाळ इतकी वर्षं चालू आहे की त्यातून आता रससुद्धा निघत नाही.) तुझ्या खोलीपासून विद्यापीठ चार-पाच किलोमीटर. ताशी पंधराच्या निवांत वेगानं गेलीस तरी वीस मिनिटं. गाडीनं रस्त्यात पाच मिनिटं वाचतील आणि पेठेत परतल्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात तीच जातील. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्यांच्या गाड्यांनी महाद्वार रोड, भवानी मंडप, मिरजकर तिकटी कशी भरते ते तू अजून पाहिलेलं नाहीस.

बाबांना मात्र तोंडावर 'नको' म्हणू नकोस. माणूस प्रेमानं देतोय. त्यांना हिशेब मांडून दाखव. रोजचं जाऊन-येऊन, इकडंतिकडं धरून दहा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे अडीचशे. जुनी गाडी गर्दीत लिटरला बारा-तेरा देईल, म्हणजे वीस लिटर. शंभराच्या वरचा भाव धर. दोन हजार नुसतं पेट्रोल झालं, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. आणि सांग, गाडी गावाकडंच असू दे, आजीला दवाखान्यात न्यायला लागते. हे शेवटचं ऐकलं की ते गप्प होतील, कारण ते खरं आहे.

मी १९८४ साली इथं आले तेव्हा मला सायकल येत नव्हती. आमच्या गावात मुलींनी सायकल चालवायची नसते असं होतं. खोलीवरची मैत्रीण शिवाजी पेठेची. ती म्हणाली, "त्यात काय, मी शिकवतो की तुला." (बाई असून 'शिकवतो'! मला आधी हसू यायचं. तूही सहा महिन्यांत 'मी येतो गं' म्हणायला लागशील, बघ.) तासावर भाड्याची सायकल आणून तिनं मला रंकाळ्याच्या कडेनं शिकवलं. पंधरा दिवसांनी मी माझी जुनी लेडीज सायकल घेतली आणि तिसऱ्याच दिवशी मिरजकर तिकटीला, भर चौकात, ओढणी मागच्या चाकात गेली. मानेला हिसका बसला आणि मी ओढणीसकट आडवी. गळ्याभोवती एकच वेढा होता म्हणून वाचले. तेव्हा ओढणी असेल तर ती बांधायची नाही तर पिशवीत घालायची. सलवारचा उजवा पाय घोट्याजवळ रबरानं आवळायचा, कारण चेन उजव्या बाजूला असते.

आता रस्ता. तू मॅप बघशील आणि तो तुला सगळ्यात जवळचा रस्ता दाखवेल. तो घेऊ नकोस. सायकलला जवळचा रस्ता लागत नाही, शांत रस्ता लागतो. बागल चौकातून पुढं आलीस की राजारामपुरीचा मेन रोड टाळ. तिथं लावलेल्या गाड्यांचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं चुकायचीही भीती नाही. मागच्या गल्ल्यांतून माउलीच्या पुतळ्यापाशी निघ, मग सायबर चौक, मग विद्यापीठ. एखाद्या रविवारी सकाळी सातला, डोक्यात तासाची घाई नसताना, हा रस्ता दोनदा चालवून बघ. कुठं खड्डा, कुठं गटाराची जाळी, कुठल्या कोपऱ्यावर कुत्री, हे पायांना कळू दे. आणि कडेला चिकटून चालवायची नाही. कडेला वाळू असते, काच असते. लावलेल्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर ठेव. मागचा हॉर्न वाजवील. वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे तू त्याला दिसलीस.

केएमटीच्या बसच्या डाव्या बाजूनं कधीही घुसू नकोस. बस डावीकडं वळली की ड्रायव्हरला तू दिसत नाहीस. हे वाक्य तू दोनदा वाच.

विद्यापीठ माळावर आहे, त्यामुळं जाताना चढ आणि येताना उतार. हे उलट असतं तर बरं झालं असतं असं तुला पहिले पंधरा दिवस वाटेल. तुला भौतिकशास्त्र शिकवलेलं असल्यामुळं इथं मी जरा थांबते. साध्या, बिनगिअरच्या सायकलला पुढच्या चेनव्हीलला समज ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेऱ्या मारतं. सपाटीला हे छान. चढाला तेच अंगावर येतं आणि लोक म्हणतात, "आपल्याला नाही बाबा जमत सायकल." आता मागं २२ दात्यांचं फ्रीव्हील बसव. ४४ भागिले २२, बरोबर दोन फेऱ्या. पायावरचं ओझं जवळजवळ अठरा टक्क्यांनी उतरलं. काम तेवढंच, फक्त जास्त फेऱ्यांत वाटलेलं. फ्रीव्हील बदलायला दुकानदाराला काही मिनिटं लागतात आणि ते फार महाग नाही. पण हे आपण होऊन कुणी सांगत नाही. दुकानात गेलं की एकवीस गिअरची सायकलच पुढं करतात. गिअरची वाईट असते असं नाही. पण गिअर बिघडला की गल्लीतला मिस्त्री डोकं खाजवतो, आणि तुला रोजच्या पाच किलोमीटरला एकवीस गिअर करायचेत काय?

माझं ऐकशील तर साधी घे, मडगार्ड दोन्हीकडं, मागं कॅरिअर. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला बांध. पाठीचा अर्धा घाम तिथंच वाचतो. मडगार्ड नसलेली सायकल 'स्पोर्टी' दिसते हे खरं, पण जुलैत विभागात पोचशील तेव्हा पाठीवर चिखलाची उभी रेघ असेल. दहा मिनिटं लवकर नीघ, हळू चालव, एक कुर्ता प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून दे. घामाचा प्रश्न एवढाच आहे. पाळीच्या दिवसांत जमत असेल तर चालव, नसेल तर बसनं जा. कुणाला उत्तर द्यायचं नाही.

सीटची उंची लाव. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवलीस तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर घेतल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडं सगळ्या मुली दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि महिन्यात गुडघा धरून बसतात.

पावसाचं काय, असं बाबा विचारतीलच. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे दोन सरी नव्हेत. जून संपता संपता जो बसतो तो बसतोच. छत्री धरून सायकल चालवायची नाही, कितीही जणी चालवताना दिसल्या तरी. गुडघ्याखाली येणारा रेनकोट घे. रिमला धरणारे ब्रेक ओले झाले की लागत नाहीत, आधी नुसते घसरतात. म्हणून चौक यायच्या बरंच आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग खरा ब्रेक. पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं पावसात साबणासारखी होतात, त्यांच्यावर वळू नकोस. साचलेल्या पाण्यात जाऊ नकोस. परीख पुलाखाली पाणी भरलेलं असलं तर दुसरे जातायत म्हणून तूही जायचं नाही. उतरायचं आणि मागं फिरायचं. आणि पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी पातळी ३९ फुटांवर गेली, म्हणजे इशारा पातळी गाठली, की सायकलचा विचारच सोड आणि बाबांना फोन करून खुशाली कळव. ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ चा पूर आम्ही पाहिलाय.

पावसानंतर लोकांना वाटतं सुटलो. पण दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. हे तुला पुस्तकात मिळणार नाही म्हणून सांगते. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर वळणावर रुंद जातो, पण मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला कापत येते. ट्रॅक्टर पुढं गेला, आता जागा झाली, असं समजून वळणाच्या आत शिरणारा सापडतो. शिवाय ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबत असतो आणि मागं लाल दिवा असेलच असं नाही. मी अशा वेळी सरळ उतरून बाजूला उभी राहायचे. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, ती ऐकायची. रस्त्यावर पडलेली कांडी चिरडली की रसानं निसरडं होतं, तेही बघ.

संध्याकाळी ग्रंथालयातून उशिरा निघणार असशील तर पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा, चार्जिंगचे मिळतात. हेल्मेट घाल. केस बिघडतात, बिघडू देत. फार उशीर झाला किंवा मन नाही म्हणालं तर सायकल तिथंच कुलूप लावून ठेव आणि बस नाही तर रिक्षा धर. कुलूप चाकाला नव्हे, फ्रेम धरून खांबाला. माझी पहिली सायकल नुसतं चाकाला कुलूप लावल्यामुळं गेली. चोरानं उचलूनच नेली.

पंक्चर काढायला शीक. चौकात दुकानं आहेत, पण शीक. टायर एका बाजूनं काढायचा, ट्यूब बाहेर ओढायची, थोडी हवा भरून बादलीत बुडवत फिरवायची. बुडबुडे आले तिथं खूण. पुसून कोरडी, पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन लावायचं आणि आता हात जोडून बसायचं. ओलं असतानाच पॅच चिकटवणाऱ्याचं पंक्चर दुसऱ्या दिवशी परत निघतं. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच. आणि ट्यूब आत घालायच्या आधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायचं, काटा तिथंच बसलेला असतो. एका दुकानात मी एकाच बाभळीच्या काट्याचे तीनदा पैसे दिले आहेत. तिसऱ्यांदा मीच बोट फिरवलं. मिस्त्री म्हणाला, "बाई, तुमी दुकान टाका."

लोक बोलतील. कोल्हापूर आहे, इथं रुबाबाला किंमत आहे आणि बुंगाट गाडीला त्याहून जास्त. वर्गातली पोरं म्हणतील, "काय गं, पेट्रोल परवडंना व्हय?" तू 'नाही परवडत' म्हण. पुढं त्यांना काही सुचत नाही. मी तीस वर्षं सायकलवरून शिकवायला गेले. पहिली दोन वर्षं लोक बघायचे, नंतर मी दिसले नाही तर चौकशी करायचे.

सायकल घ्यायला एकटी जाऊ नकोस. येत्या रविवारी सकाळी आठला मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर येते, तिथनं दोघी जाऊ. म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन बघ, नाही आवडलं तर माझ्या पेल्यात ओत. पाने-स्पॅनर माझ्याकडं आहेत. घरी आणून सीट लावू आणि पायडल घट्ट आहेत का बघू. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते विसरून नवीन माणूस पिळत बसतो आणि आटेच घालवतो. ते मी तुझ्याच हातून करून घेणार आहे, तेव्हा हातातल्या बांगड्या खोलीवर ठेवून ये.

तुझी,
बाई