दिलेली जागा त्याच संध्याकाळी उतरव

अनेक आशीर्वाद.

जागांच्या छोट्या जाहिराती पेपरातून वेबसाइटवर न्यायच्या आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. कात्रणं जशीच्या तशी टाइप करू नकोस, एवढं आधी ऐक.

लक्ष्मी रोडजवळच्या आमच्या काउंटरवर जाहिरातीचे पैसे शब्दांवर असायचे. गिऱ्हाईक अर्धं पान लिहून आणायचं आणि मी पेन घेऊन एकेक शब्द गाळायचो. शेवटी उरायचं, ‘कर्वेनगर, १ बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट, फॅमिली, एजंट क्षमस्व.’ पाणी महापालिकेचं की टँकरचं, दुचाकी कुठे लावायची, मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, हे सगळं पैसे वाचवायला गेलेलं. वेबवर शब्दाला पैसे पडत नाहीत. मालकाला फोन कर आणि मी गाळलेलं परत मागून घे. नुसतं कर्वेनगर लिहून भागत नाही; राजाराम पुलाकडचं की वारज्याकडचं, ते विचार. ‘६५० फूट’ म्हणाले तर कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, की जिना-लॉबीचा वाटा धरून येणारं सुपर बिल्टअप, हे कळल्याशिवाय आकडा चढवू नकोस. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवलेल्या नव्या प्रकल्पाची जाहिरात आली तर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड बघूनच घे. क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे.

आता माझी चूक सांगतो. छापील जाहिरात दुसऱ्या दिवशी आपोआप रद्दीत जायची. वेबवरची कुणीतरी काढल्याशिवाय जात नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सदाशिव पेठेतल्या एका आजींची खोली आठवड्यात गेली, जाहिरात मात्र चार महिने तशीच. त्यांच्या घरी गेलो तर फोनच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला, ‘खोली दिली आहे असे सांगणे.’ दुपारची झोप मोडते म्हणून त्या रिसीव्हर काढून ठेवायला लागल्या होत्या, आणि त्यात परगावच्या मुलाचा फोन दोन दिवस लागला नव्हता. मला मान वर करवेना.

म्हणून प्रत्येक जाहिरातीवर तारीख घाल. पंधरा दिवसांनी मालकाला विचार, ‘जागा आहे का अजून?’ दिली म्हणाले तर त्याच संध्याकाळी उतरव. दोनदा फोन उचलला नाही तरी उतरव. यादी लहान दिसेल, दिसू दे. जुन्या कात्रणांतले नंबर तर अजिबात चढवू नकोस. लोकांनी ते एका दिवसाच्या पेपरासाठी दिले होते.

काउंटरच्या वह्या माळ्यावर आहेत. रविवारी सकाळी ये. कर्वेनगर, सिंहगड रोडचे बरेच मालक अजून मला आवाजावरून ओळखतात. पहिले दहा फोन मीच लावून देतो, तू शेजारी बसून लिहून घे.

तुझा,
काका