वाचकांचे प्रश्न : महागडं कार्ड, की स्वस्त कार्डाला पाणी?

प्रश्न : नवा पीसी जोडायचा आहे. आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड घेऊन वॉटरकूलिंग (पाणी फिरवून थंड ठेवणं) करावं, की सरळ ५०७० टीआय घ्यावं? पाण्यावर चालवून ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) केलं की ५०७० टीआयच्या बरोबरीला येतं, असं मित्र सांगतात. मॉनिटर १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेलचा) आहे, खोलीत एसी नाही.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बरोबरीला येत नाही. ५०७० मध्ये ६,१४४ कुडा कोअर (आकडेमोड करणारे चिपमधले छोटे भाग) आहेत, ५०७० टीआयमध्ये ८,९६०. मेमरी १२ जीबी आणि १६ जीबी, मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) १९२ बिट आणि २५६ बिट. यातलं काहीच पाण्यानं वाढत नाही. चिप तापत जाते तसा बूस्ट क्लॉक (चिप आपणहून गाठते तो वाढीव वेग) छोट्या छोट्या पायऱ्यांनी खाली येतो. पाण्यामुळे त्यातल्या काही पायऱ्या वाचतात, एवढाच फायदा. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये तो साधारण तीन ते पाच टक्के भरतो. कार्डाच्या पॉवर लिमिटची (ते किती वीज घेऊ शकतं त्याची) कमाल मर्यादा त्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरलेली असते. कूलर कुठलाही लावा, ती हलत नाही. आणि ओव्हरक्लॉक करायचंच असेल तर ते मूळ पंख्यांवरही होतं.

आता पैशांचं बघू. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं भारतासाठी जाहीर केलेल्या सुरुवातीच्या किमती ५९,००० आणि ८०,००० रुपये होत्या, म्हणजे फरक २१ हजारांचा. दुकानातले भाव वरखाली होत राहतात, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाल तेव्हा दोन्ही कार्डांचा भाव एकाच दिवशी, एकाच दुकानात विचारा आणि फरक काढा. दुसऱ्या पारड्यात वॉटरब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा), पंप आणि रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी), ३६० मिमीचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी), तीन पंखे, आठ-दहा फिटिंग, ट्यूब आणि कूलंट. चांगल्या प्रतीचं घेतलंत तर हे सगळं तीस हजारांच्या आत बसवणं कठीण. शिवाय फुल-कव्हर ब्लॉक (चिपबरोबर मेमरीही झाकणारा) त्या-त्या कार्डाच्या पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, मापानं कापलेला असतो. ५०८० आणि ५०९० साठी ब्लॉकची निवड बरी आहे. ५०७० च्या स्वस्त मॉडेलांसाठी ब्लॉक मिळेलच असं नाही. कार्ड आधी घेऊन ब्लॉक नंतर शोधणारे इथेच अडकतात.

आपल्याकडच्या हवेचाही हिशेब धरा. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात बिनएसी खोली ३४ डिग्रीवर असेल तर लोडखाली पाणी ४४-४५ ला स्थिरावतं आणि चिप त्याच्या वर दहा-पंधरा डिग्री. आकडा छान दिसतो, पण हवेवर ७०-७२ ला चालणारं कार्डही पूर्ण कामच करत असतं.

तेव्हा ५०७० टीआय घ्या, मात्र त्यातलं सर्वांत महाग मॉडेल नको. एकाच चिपच्या साध्या आणि ‘टॉप’ मॉडेलमध्ये वेगाचा फरक दोन-तीन टक्के असतो. उरलेले पैसे मोठ्या हीटसिंकचे आणि दिव्यांचे. तीन पंख्यांचं मधलं मॉडेल पुरे. कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड मावतं ते टेपनं मोजून जा, पुढचे पंखे धरून. ५०७० टीआय ३०० वॅट घेतं आणि एनव्हिडियाची शिफारस ७५० वॅटच्या एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) आहे. जुना ५५० वॅटचा वापरायचा विचार असेल तर तोही खर्च आत्ताच धरा.

वाचलेल्या पैशात कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे १२० किंवा १४० मिमीचे दोन चांगले पंखे लावा. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणून बघा : वेग जेमतेम घटतो आणि पंख्यांचा आवाज ठळकपणे कमी होतो. त्याहून नेटकं काम करायचं तर त्यातलाच व्होल्टेज कर्व्ह (किती व्होल्टेजला किती क्लॉक ते दाखवणारा आलेख) उघडा, कार्ड एरवी ज्या क्लॉकवर चालतं तो क्लॉक ९२५ मिलिव्होल्टच्या बिंदूवर आणा, पुढची रेघ सपाट करा आणि ‘अप्लाय’ दाबा. गेम बंद पडला तर क्लॉक १५-३० मेगाहर्ट्झनं उतरवा. घोडबंदरला धूळ असते, तेव्हा जाळीचे फिल्टर दर पंधरवड्याला झटका.

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०८० आहे. त्याच्या पीसीबीला बसणारा सेकंडहँड ब्लॉक मिळाला आहे. पंप आणि रेडिएटरही स्वस्तात मिळतोय. बसवताना काय सांभाळू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचा हिशेब वेगळा आहे. ३०८० हे ३२० वॅटचं कार्ड, आणि त्याची जीडीडीआर६एक्स मेमरी बऱ्याच मॉडेलांत चिपपेक्षाही जास्त तापते. इथे पाण्याचा उपयोग दिसतो.

रेडिएटर कशाचा आहे ते पहिल्यांदा विचारा. ब्लॉक तांब्याचा किंवा निकेल चढवलेला असतो. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर दोन धातू एकाच पाण्यात आल्यानं ॲल्युमिनियम गंजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो. जुन्या रेडीमेड कूलरमधून काढलेला रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचाच निघतो. तो फुकट मिळाला तरी नको.

जुना ब्लॉक उघडून मऊ ब्रशनं खाचा साफ करा. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) चपटी किंवा कडक झाली असेल तर बदला. थर्मल पॅडच्या (मेमरीची उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्यांच्या) जाडीवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. ब्लॉकच्या पत्रकात १ मिमी लिहिलं असताना दीड मिमीचे लावलेत, तर ब्लॉक मेमरीवर टेकून राहतो आणि चिपला नीट चिकटत नाही. मग पाणी असूनही चिप ८५ डिग्रीला जाते. स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं, तिरके, थोडे थोडे आवळा. एकदा बसवून पुन्हा काढा आणि थर्मल पेस्टचा (चिप आणि ब्लॉक यांच्यातल्या लेपाचा) ठसा चिपभर उमटलाय का ते पाहा. पीसी सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि चिप यांच्यात २० डिग्रीहून जास्त अंतर दिसलं, तर ब्लॉक पुन्हा बसवायचा.

पाणी भरताना मदरबोर्ड आणि कार्डाची पॉवर केबल काढलेली हवी. २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (मदरबोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू करणारी जोडणी) लावून एसएमपीएस फक्त पंपापुरता चालू करा. रिझर्व्हॉयर पंपाच्या वर असू द्या. पंप कोरडा फिरला की त्याचं बेअरिंग जातं. म्हणून भरा, दोन-चार सेकंद चालवा, बंद करा, पुन्हा भरा. साध्या लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद फेऱ्यात) लिटरभराच्या आत पाणी मावतं. कॅबिनेट दोन्ही बाजूंना कलतं करून बुडबुडे काढा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून पंप २४ तास चालवा. गळती बहुतेक वेळा तिरकी कापलेली ट्यूब किंवा निसटलेली ओ-रिंग यामुळे होते. फिटिंग हातानंच आवळा, पान्हा नको.

पाणी डिस्टिल्डच, सोबत बायोसाइड (शेवाळ आणि जंतू रोखणारं द्रव्य). पेट्रोल पंपावर ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळणारा कॅन लेबल न वाचता उचलू नका. शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. वर्षातून एकदा पाणी बदला. कार्डावर वॉरंटी स्टिकर असेल तर ब्लॉक लावताना तो फुटणारच, त्यामुळे कार्ड वॉरंटीत असेल तर कंपनीचा नियम आधी वाचा.

प्रश्न : वॉटरकूलिंग केल्यावर खोली कमी तापेल का? आणि एसीमुळे ट्यूबवर दव धरेल का?
– एक वाचिका, खारघर

उत्तर : खोली तेवढीच तापेल. ३०० वॅट हवेनं बाहेर टाकले काय किंवा पाण्यानं, शेवटी येतात खोलीतच. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता उपसतो, त्यातला आठ-नऊ टक्क्यांचा वाटा कार्ड खाईल.

दव धरायला पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड लागतो. चालू लूपमधलं पाणी खोलीपेक्षा गरमच असतं, त्यामुळे धोका नाही. पण पावसाळ्यात २० डिग्रीवर रात्रभर एसी चालवून, पीसी बंद असताना सकाळी खिडक्या उघडल्या, तर कार्डासकट सगळ्याच थंड धातूवर ओल येऊ शकते. मग त्यात पाणी असो की नसो. खिडकी उघडल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून पीसी सुरू करा.