कॉगॅटच्या निकालात आधी काय बघायचं

ताई, लेकाचा कॉगॅटचा, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांत होणाऱ्या विचारक्षमतेच्या चाचणीचा, निकाल कसा वाचायचा असं विचारलंत, तर आधी हे: ९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के मार्क नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण ९४ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे, एवढंच. आपल्याकडच्या मार्कशीटवर वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो! एसएएस स्कोअरचा, म्हणजे वयानुसार काढलेल्या प्रमाणित गुणांचा, मध्य १००, कमाल १६०. १३२ आले तर जवळपास ९८ पर्सेंटाइल.

कंपोझिटवर, म्हणजे सगळ्या भागांच्या एकत्रित स्कोअरवर, अडकू नका, खरी माहिती त्या प्रोफाइलमध्ये असते. तुमच्या लेकाचं '८बी, व्ही उणे' आलंय ना? व्हर्बल (भाषा), क्वांटिटेटिव्ह (आकडे), नॉनव्हर्बल (आकृत्या) या तिन्हींच्या स्टॅनाइनमधला (१ ते ९ ची श्रेणी) मधला आकडा ८. बी म्हणजे एक भाग बाकी दोहोंपेक्षा वेगळा, आणि 'व्ही उणे' म्हणजे तो मागे राहिलेला भाग व्हर्बल. घरी मराठी बोलणाऱ्या दुसरीतल्या मुलाचं मला तरी यात नवल वाटत नाही. म्हणून घरातली मराठी मात्र बंद करू नका, कोणी कितीही सांगो.

गिफ्टेडचा, म्हणजे हुशार मुलांसाठीच्या खास कार्यक्रमाचा, कट-ऑफ प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा वेगळा, तेव्हा न्यू जर्सीतल्या मैत्रिणीच्या मुलीशी तुलना फुकट. शाळेला विचारा: नॅशनल नॉर्म धरलेत की लोकल, म्हणजे तुलना देशभरातल्या मुलांशी की इथल्याच? अपील करता येत असेल तर मुदत ईमेलवर लेखी मागून घ्या.